एकशे एकसष्ट

मन्मथ, उदगीर–देगलूर गाडीत
तू दांडी न धरता उभा राहायचास.
एका हातात मशीन,
दुसऱ्याच्या बेचक्यांत उभ्या घडीच्या नोटा.
हाणेगावच्या वळणावर सगळी गाडी कलली
तरी तू कलायचा नाहीस.
म्हातारी माणसं तुझ्या पट्ट्याला धरायची.

आणि त्या दिवशी ओट्यावरून उठलास
न् जागच्या जागी असलेल्या फरशीवर पडलास.
हसून म्हणलास, "अक्का, गाडी कोण चालवायलंय गं?"

तिसऱ्या महिन्यात घास कानाकडे जायला लागला.
लातूरला दाखवलं, हैदराबादला दाखवलं.
दारू विचारली, साखर विचारली,
घराण्यात कुणाला होतं का, विचारलं.
मग एका पोरसवदा डॉक्टरीणबाईंनी
तुझे तळहात उलटसुलट करत विचारलं,
"लहानपणी कसली इंजेक्शनं घेतली होती?"

तीनशे बारा, मी म्हटलं.
सोमवार, बुधवार, शनिवार. दोन वर्षं.
सिरिंज मीच उकळायचे,
दाल मिलच्या खतावणीच्या मागच्या पानावर
फुली मीच मारायचे.
बाटल्या बाहेरच्या देशातून हैदराबादला,
तिथून थर्मासात आपल्याकडे,
वाटेत जहीराबादला बर्फ बदलून.
अण्णांनी मिलमधला चार आण्यांचा वाटा विकला होता,
कारण शाळेत तुला पावशेर म्हणायचे.

वाढीचं औषध, एवढंच कळलं होतं.
कशाचं करतात, कुणी विचारलं?

बाई हळू बोलत होत्या.
मेलेल्या माणसांच्या मेंदूखालून
हरभऱ्याएवढी गाठ काढत,
हजारो गाठी एका भांड्यात.
त्यांतला एखादा न ओळखलेल्या आजारानं गेलेला.
आजाराला दोन परदेशी माणसांचं नाव आहे,
मला अजून नीट म्हणता येत नाही.
प्रथिनाला घडी असते, म्हणाल्या.
एक चुकते, ती शेजारणीला चुकायला शिकवते,
आणि ही शिकवणी तीस-चाळीस वर्षं
आवाज न करता चालते.
तेव्हा हे कुणालाच माहीत नव्हतं, असंही म्हणाल्या.
मी मान हलवली.
फुल्या तर माझ्याच हातच्या होत्या.

एस.टी.च्या भरतीत भिंतीला पाठ लावून
एकशे साठ लागायचे.
तू एकशे एकसष्ट भरलास.
त्या एका सेंटीमीटरवर
अठ्ठावीस वर्षांचा पगार, सुवर्णाचं बी.एड.,
बिदर रोडच्या दोन खोल्या.
त्याला शिवी द्यावी म्हटलं
तर तुझं सगळं घरच त्यात बसलेलं.

आणि तो माणूस,
कुठल्या गावचा, काय करणारा,
त्याच्या घरच्यांना कुणी विचारलं होतं का,
तो तुझ्याबरोबर इतकी वर्षं
देगलूर, मुखेड, औराद फिरला.
विनातिकीट.
तू कुणाला सोडायचा नाहीस, सख्ख्या मेव्हण्यालासुद्धा.

शेवटी बोलणं थांबलं, बोटं थांबली नाहीत.
चादरीची किनार धरून उभी घडी,
परत उभी घडी,
बेचक्यात अडकवायचास, ती सुटायची.
एका दुपारी कुणी नव्हतं.
मी खाटेशी उभी राहून म्हटलं, "एक देगलूर."
तू माझ्याकडं पाहिलंस.
हात पुढं केलास.
माझ्याकडं सुट्टे नव्हते.

आपल्यात बसवून पुरतात.
खड्डा खणणारा शरणप्पा विचारायला आला,
"उंची किती हुती मन्मथची?"
बसलेल्या माणसाला कसली उंची.
तरी मी सांगितलं, एकशे एकसष्ट.
तो टिकाव टेकवून थांबला.
"फुटात सांगा की, अक्का."